कोंडा

अल् रम्सच्या मागे, खडीच्या खाणीच्या अल्याड,
टॉवरवर आमचं रडार फिरतं.
अडीच सेकंदांत एक फेरी.
लक्ष्य शोधणारे वरच्या मजल्यावर बसतात.
माझ्याकडे उरलेलं सगळं:
डोंगर, खारफुटी, मिठाचं माळरान,
खाणीतून रात्रभर उतरणारे ट्रक,
कुंपणाची तार, तारेवरचं दव.
कंत्राटात या सगळ्याला मिळून एकच नाव आहे,
नको असलेलं.

आई फोनवर विचारते, नक्की काय करतेस गं तिकडे?
पाखडते, म्हटलं.
मग धान्य कुठाय?
धान्य अजून आलंच नाहीये.
आलं तर कळावं म्हणून
आधी कोंड्याचा स्वभाव लिहून ठेवतेय.
बार्शीच्या बाजारात हे काम कुणी पैसे देऊन करून घेणार नाही,
असं ती म्हणाली, आणि ते खरं आहे.

दुरून डोंगर साजरे, ते डोळ्यांना.
रडारला ते दुरूनच ओरडून बोलतात.
खारफुटी वाऱ्यात कुजबुजते.
सबखा, म्हणजे ते मीठ, दुपारी गप्प,
पहाटे ओलावलं की चकाकतं.
यांच्या वितरणाला लांब शेपूट आहे:
हजारदा नुसती कुजबुज
आणि एकदा, कारण नसताना, किंकाळी.
त्या शेपटीचं गणित जुळवण्यात माझा उन्हाळा गेला.
त्याच उन्हाळ्यात, दमट रात्री,
समुद्रापलीकडचा किनारा हवेच्या थरांतून वाकून यायचा
आणि आमच्या खाडीत येऊन बसायचा,
बिनबोलावलेल्या पाहुण्यासारखा.
त्यालाही लिहिलं.

नियम साधा आहे.
एक कप्पा घ्यायचा. डावीकडचे आठ शेजारी,
उजवीकडचे आठ. त्यांची सरासरी.
तिच्यापेक्षा फार वर डोकं काढलं, तर तू कुणीतरी.
नाहीतर सोम्यागोम्या.

कप्पा दोनशे बारा. पहाटे चार दहा.
रोज एक टोक, उत्तरेकडून खाडीपर्यंत सरकणारं.
अकराव्या रात्री जीप घेऊन गेले.
हातगाडीवर तारेचे गरगूर रचलेले,
मासे धरायचे ते घुमटासारखे पिंजरे,
आणि गाडी ढकलणारा एक बलुच म्हातारा.
नाव दोशंबे. सोमवारी जन्मला म्हणून.
(आमच्याकडे असता तर सोमाच झाला असता.)
त्याने टॉवरकडे बोट दाखवून विचारलं,
मी दिसतो त्यात?
म्हटलं, पिंजरे दिसतात. लखलखीत.
तो हसला. पिंजरेच महाग आहेत, म्हणाला,
आणि मला एक शेरी मासा दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

मग मी त्याला नकाशात घातलं.
रोज येतो, धोका नाही: पार्श्वभूमी.
चाचणीच्या दिवशी एकही खोटी घंटा वाजली नाही.
हारिब साहेबांनी सगळ्यांना खजूर वाटले.

नोव्हेंबरात, दुसऱ्याच कामासाठी जुन्या नोंदी चाळताना,
पाहिलं की दोनशे बारा सहा दिवस सपाट आहे.
यंत्राने काही सांगितलं नव्हतं. सांगणार नाही.
उंबरठा वरच्या बाजूलाच असतो.
कुणी आलं तर घंटा आहे.
कुणी यायचं थांबलं, त्याला नाही.

खाडीवर गेले. पिंजरे एकात एक घालून ठेवलेले,
गाडीचं एक चाक कुणीतरी नेलेलं.
एक जण म्हणाला, ग्वादरला गेला. दुसरा म्हणाला, इस्पितळात.
तिसऱ्याला दोशंबे कोण तेच आठवेना.

अहवालात मी एक ओळ घातली होती.
कामाच्या कक्षेबाहेर, असा शेरा मारून ती परत आली.
नकाशा मात्र मी अजून बदललेला नाही.
रोज चार दहाला यंत्र
रिकाम्या मिठातून त्याला वजा करतं.
उत्तर उणे येतं.
उण्याचं काय करायचं, ते तपशिलात नाही,
म्हणून ते शून्य धरतं
आणि पुढच्या कप्प्याकडे वळतं.